बिनचुलीचा भात

आमच्या घरात एकदा सलग चार महिने मसालेभात शिजत होता. लग्न नव्हतं, मुंज नव्हती, बारसं तर नव्हतंच, कारण मी एकुलती एक आणि तेव्हा एकोणीस वर्षांची घोडी झालेली. तरी रोज सकाळी आई तोंडली चिरायला बसायची, खोबरं भाजायची, आणि लवंग-दालचिनीचा वास ठाण्याच्या वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगचा जिना उतरून थेट खालच्या नळापर्यंत जायचा. पहिल्या आठवड्यात खालच्या पेडणेकरकाकूंनी विचारलं, "आज काय विशेष?" दुसऱ्या आठवड्यात विचारलं, "आज पण?" आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी आईला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, कुणी नवसबिवस बोललंय का?" आईने मान डोलावली आणि वर निघून आली. खरं सांगायची सोयच नव्हती. खरं असं होतं, की माझे वडील चुलीशिवाय भात शिजवायच्या मागे लागले होते.

वडिलांना मी अण्णा म्हणत असे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते टूलरूममध्ये फिटर होते आणि तिथे सगळे त्यांना वामन फिटर म्हणत. कंपनीत ते लोकांच्या यंत्रांचे भाग घासत आणि रविवारी घरच्या गॅलरीत जादूची भांडी बनवत. गॅलरीच्या कठड्याला त्यांनी एक वाइस, म्हणजे काम धरायची लोखंडी पकड, कायमचं बसवलं होतं, त्यामुळे आईला कपडे वाळत घालायला अर्धीच दोरी मिळायची आणि त्यावरून दर रविवारी बोलणी व्हायची. कानशीचा खर्र खर्र आवाज सुरू झाला की बिल्डिंगला रविवार कळायचा. जादू करणारे पुष्कळ असतात, पण जादूगाराच्या हातातली पेटी आतून कशी फिरते हे ठरवणारा माणूस वेगळा असतो, आणि अण्णा तो माणूस होते. स्वतः मात्र ते कधी लोकांसमोर उभे राहिले नाहीत. चार माणसं समोर बसली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. माझ्या शाळेत एकदा पालकांपैकी कुणी दोन शब्द बोला म्हणून त्यांना उभं केलं, तेव्हा ते खरोखर दोनच शब्द बोलले आणि बसले. "बरं आहे."

प्रयोग असा होता. पितळेचं एक पातेलं, रिकामं, सगळ्यांना उलटं करून दाखवायचं. प्रेक्षकांतल्या कुणाकडून तरी त्यात मूठभर कच्चे तांदूळ घालून घ्यायचे, वर तांब्याभर पाणी, आणि झाकण. विस्तव नाही, काडी नाही. थोडा वेळ थांबायचं, की झाकण आपोआप वर उचललं जातं आणि आत वाफाळता मसालेभात, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तो सगळ्यांना वाटायचा, म्हणजे डोळ्यांना फसवलं म्हणणाऱ्याचं तोंडही बंद. यात अण्णांचं डोकं कुठे चाललं होतं एवढंच सांगते: ओतलेलं पाणी तळाशी एका जागी जायचं, तिथे एक वस्तू विरघळायची, ती विरघळली की खटका सुटायचा. ती वस्तू कुठली हे मी इथे लिहिणार नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, आता काय फरक पडतो?" पडतो. आई ती वस्तू वाण्याकडून पावशेर पावशेर आणायची आणि येता-जाता मीच त्यातली अर्धी खायचे, एवढ्यावर वाचकाने समाधान मानावं. विरघळायला लागणारा वेळ कधी जास्त, कधी कमी, म्हणून चार महिने रोज चाचणी आणि रोज भात. शिवाय आतला वास बाहेर येता कामा नये, त्यासाठी अण्णांनी कुकरची रबरी रिंग कापून बसवली, आणि आईचा कुकर शिट्टीऐवजी बाजूने फुसफुसायला लागला. आजही लग्नाच्या पंगतीत मसालेभात आला की मी पानावर हात आडवा धरते.

पण भात जमवण्यापेक्षा अवघड होतं तो राखणं. अण्णांची एक छत्री होती, उघडली की लाल, मिटून उघडली की हिरवी. ती त्यांनी प्रोफेसर हेमकांत नावाच्या जादूगाराला हौसेने दाखवली होती. हे प्रोफेसर कुठल्या कॉलेजात शिकवत नव्हते, त्या काळी जादूगार तसं लावून घेत. मरून कोट, गोट लावलेली कॉलर, भरघोस मिश्या, आणि ठाण्यापासून बदलापूरपर्यंत एकही गणेशोत्सव त्यांच्यावाचून पार पडत नसे. वर्षभरात ती छत्री 'हेमकांत छत्री' म्हणून गाजली. मी संतापले, आई संतापली. अण्णा म्हणाले, "असू दे. लोकांना आवडली ना?" हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मला वाटलं त्यांना काही लागलंच नाही. पण त्यानंतर त्यांनी आपली छत्री मोडून तिच्या काड्यांचे आईला स्वेटर विणायला सूया करून दिल्या, आणि घरात छत्रीचं नाव निघालं की ते गॅलरीत जात.

म्हणून या वेळी अण्णांनी काळजी घेतली. भांड्याचा एक भाग एका गाळ्यात लेथवर काढला, दुसऱ्या भागाला झाळणीचा डाग दुसऱ्या गाळ्यात दिला, पॉलिश तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी थाप मारली. एका ठिकाणी ते दुधाचं माप होतं, एका ठिकाणी दवाखान्याचं भांडं, आणि पॉलिशवाल्याला त्यांनी चक्क देवीच्या पालखीचा कळस म्हणून सांगितलं. त्या भाबड्याने पॉलिश करण्याआधी त्याला हळदकुंकू वाहिलं. आमच्या कॉलनीत एक वकील राहत, त्यांनाही अण्णा विचारून आले. वकील म्हणाले, "पेटंट घ्या ना! फक्त आत काय आहे, कसं चालतं, ते चित्रासकट लिहून द्यावं लागेल. मग ते कुणालाही वाचता येतं." अण्णा चहा न पिता परत आले. आई म्हणाली, "म्हणजे चोराच्या हातात किल्ली देऊन मग दाराला कुलूप लावायचं!"

राहता राहिलं डोंबिवलीचं मंडळ. तिथे जादूगारांचं एक छोटं मंडळ होतं आणि त्यांची एक जाड वही होती. वार्षिक सभेत नवा प्रयोग करून दाखवायचा, सभासदांनी हात वर केले की अध्यक्ष वहीत प्रयोगाचं नाव आणि पुढे कर्त्याचं नाव लिहायचे. मग त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी तो करायचा नाही. कायदाबियदा नव्हता, पण मंडळात वाळीत पडायची भीती कायद्याहून मोठी होती. कसा झाला हे कुणी विचारायचं नाही, तीही रीतच. एकच गोम होती. एका प्रयोगाला एकच नाव, आणि जो आधी दाखवील त्याचं. अण्णांना त्या वहीत नाव हवं होतं. एवढं एकच त्यांनी आयुष्यात उघडपणे मागितलेलं मी ऐकलं. आईला म्हणाले, "एकदा तरी कुठे तरी लिहिलेलं असावं गं, की हे मी केलं." करून दाखवणार अर्थातच मी.

सभेला दोन महिने असताना माझी भीड चेपावी म्हणून आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये मुलांसमोर एक प्रयोग ठेवला. आणि माझ्या भोळ्या बापाने, जाणकाराचं मत घ्यावं म्हणून, कुणाला बोलावलं असेल? प्रोफेसर हेमकांतांना. ते पहिल्या रांगेत मिश्या कुरवाळत बसले. मी अन्नपूर्णेवर एक लांबलचक भाषण पाठ केलं होतं, विरघळण्याचा वेळ भरून काढायला. तांदूळ घातले, पाणी ओतलं, झाकण ठेवलं, तोंड उघडलं आणि उचकी लागली. दोन मिनिटांपूर्वी घाबरून मूठभर शेंगदाणे कोरडेच गिळले होते, त्याचा प्रताप. अन्नपूर्णा जागच्या जागी राहिली. उच्‌! मुलं खदखदून हसायला लागली. पेडणेकरकाकू मागून ओरडल्या, "अगं, कुणीतरी आठवण काढतंय! नावं घे, नावं घे!" मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "दत्तूमामा." उच्‌! "सुमनमावशी." उच्‌! "शकूआत्या!" आणि उचकी थांबली. त्याच क्षणी झाकण वर उचललं गेलं आणि भाताची वाफ माझ्या तोंडावर आली. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. अण्णा चौथ्या रांगेत बसून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते आणि भात खाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड वळून वळून बघत होते.

आठवड्याने हेमकांत पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. "वामनराव, अहो कमाल आहे! कसं हो सुचलं तुम्हाला?" झालं. जन्मात अण्णांना कुणी "कसं सुचलं" विचारलं नव्हतं. लोक म्हणायचे, "बनवून द्या", "कधी देताय", "झाकण घट्ट बसतंय". अण्णांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, भांडं मांडलं आणि खोलायला सुरुवात केली. आई स्वयंपाकघरात होती. तिने आधी झारा पाडला. मग पोळपाट आपटला. मग एकावर एक ठेवलेल्या परातींची उतरंडच खाली आली. अण्णा म्हणाले, "कुंदा, बघ गं, मांजर आलंय वाटतं," आणि पुढचा स्क्रू सोडवला. मला आईने पाणी घेऊन पाठवलं, चहा घेऊन पाठवलं, तिसऱ्यांदा "आई आत बोलावतेय, अर्जंट आहे" असं सांगायला पाठवलं. अण्णांना ऐकूच येत नव्हतं. अर्ध्या तासात त्यांनी चार महिने सांगितले. विरघळणाऱ्या वस्तूचा तुकडासुद्धा हातावर ठेवला. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला राग यायच्या ऐवजी रडू येत होतं.

सगळं संपल्यावर हेमकांतांनी आवाज खाली आणला. "आणि ती उचकी?"

"उचकी? ती हो खरीच लागली होती पोरीला."

हेमकांत मोठ्याने हसले. "बरं. आणि ती नावं?"

"आमचे नातेवाईक आहेत."

"असू द्या, असू द्या. नका सांगू. प्रत्येकाने काहीतरी हातचं राखावंच." आणि अण्णांच्या मांडीवर थाप मारून ते उठले. अण्णा माझ्याकडे वळले. "सगळं तर सांगितलं की मी त्यांना," ते म्हणाले.

मी हेमकांतांना खालपर्यंत सोडायला गेले. पहिल्या मजल्यावर ते थांबले, वर बघितलं आणि मला म्हणाले, "बेबी, हुशार आहेस हं तू. मला सांग, नावांचा क्रम तोच लागतो ना? आधी मामा?" तेव्हा माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. मी इकडेतिकडे पाहिलं, पदराचा बोळा करून तोंडाशी धरला आणि कुजबुजले, "आधी मामा, मग मावशी, शेवटी आत्या. क्रम चुकला तर संपलं. आणि काका, उचकी पोटातून यायला हवी. घशातली चालत नाही. पण अण्णांना सांगू नका मी सांगितलं." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्या वेळी माझ्या मनात डावबिव काही नव्हता, नुसती खोडी होती. हा मरून कोटवाला माणूस घरी आरशासमोर पोटातून उचक्या काढत बसेल, एवढ्यावरच मी चार दिवस हसत होते. वर आले तर आई अण्णांसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं!" ती म्हणाली. "उद्या माझा भातसुद्धा खपवेल तो स्वतःच्या नावावर!" अण्णा स्क्रू गोळा करत होते. म्हणाले, "विचारलं गं त्याने."

सभा रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. कंपनीतल्या ओळखीच्या टेम्पोत आम्ही तिघं, भांडं आणि गोधडीत गुंडाळलेला भाताचा डबा असे गेलो. अण्णांनी लग्नातला कोट घातला होता, तो पुढून बंद होत नव्हता. हॉलच्या दारात शकूआत्या उभी. ही अण्णांची थोरली बहीण, डोंबिवलीतच रामनगरात राहायची. आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर स्टेशनवरची माणसं वळून बघतील. भाचीचा प्रयोग म्हणून नवी साडी नेसून आली होती. आम्ही बसलो आणि अध्यक्षांनी यादी वाचली. हे अध्यक्ष म्हणजे पत्त्यांच्या जादूत केस पांढरे झालेले भाऊसाहेब. रिवाजाप्रमाणे ज्येष्ठ आधी. पहिलं नाव, प्रोफेसर हेमकांत. प्रयोग, 'अक्षय स्थाली, अर्थात विनाअग्नी पाकसिद्धी'.

आईने माझा दंड इतका जोरात धरला की नखं रुतली. हेमकांतांनी पितळेचं पातेलं उलटं करून दाखवलं. छत्रीच्या वेळी वामन गप्प बसला, आताही बसेल, हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि बरोबरच धरलं होतं. अण्णांनी काही केलं नाही. त्यांनी फक्त भाताचा डबा पायाने हळूच खुर्चीखाली सरकवला, जणू आता तो कुणाला दिसायला नको. हात वर झाले की वहीत नाव चढणार आणि अण्णांना स्वतःचंच भांडं यापुढे दुसऱ्याला विचारून वापरावं लागणार. मी उठून ओरडणार होते. पण काय ओरडणार? चोर म्हणायचं तर पुरावा काय? त्याला सगळं सांगितलं होतं ते आमच्याच बापाने, वर्तमानपत्र पसरून.

हेमकांतांनी तांदूळ घालून घेतले. पाणी ओतलं. झाकण ठेवलं. दोन्ही हात वर केले, डोळे मिटले, आणि पोटातून, अगदी बेंबीच्या देठापासून उचकी काढली. उच्‌!

"दत्तूमामा!"

मला आधी खरंच वाटेना. उच्‌! त्यांच्या मिश्या थरथरल्या. "सुमनमावशी!" आई माझा दंड सोडून तोंडाला पदर लावून बसली. उच्‌! "शकूआत्या!!!" झाकण उचललं गेलं, वाफ निघाली, हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि टाळ्यांच्या वर आवाज चढला, "अगं बाई! हा मेला माझं नाव कशाला घेतोय?"

शकूआत्या उभी राहिली होती. भाऊसाहेबांनी चष्मा सारखा केला. "बाई, आपण कोण?"

"मी शकूआत्या!"

हेमकांत क्षणभर गडबडले, पण कसलेला माणूस. हसून म्हणाले, "योगायोग आहे. ही नावं नव्हेत, बीजमंत्र आहे. कामरूप देशातला. फार प्राचीन."

"कामरूप कुठलं? रामनगरात राहते मी, दुसरा मजला, जिन्याला लागून!" आत्या खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आली. "आणि दत्तू माझ्या भावजयीचा भाऊ. कल्याणला पार नाक्यावर चष्म्याचं दुकान आहे त्याचं. आणि सुमन तिची बहीण. तो कामरूपात कधी गेला होता रे वाम्या?"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. भाऊसाहेबांनी टेबलावर हात आपटून शांतता केली आणि अण्णांना म्हणाले, "वामन, तुझंही नाव यादीत आहे. तू काय दाखवणार होतास?" अण्णांनी मला नुसती खूण केली. मी वर गेले. तांदूळ, पाणी, झाकण. अन्नपूर्णेचं भाषण केलं नाही, उचकी नाही, नावं नाहीत. हात मागे बांधून गप्प उभी राहिले. मग झाकण उचललं गेलं. भाऊसाहेबांनी भाताचा घास घेतला, चावला, गिळला, आणि हेमकांतांकडे वळले. "नावं न घेता होतोय भात. मग तुम्ही ती कशाला घेतलीत?"

हेमकांतांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते जिन्यातलं सगळं सांगतात, आणि मी जमिनीकडे बघायला लागले. पण त्यांनी ते सांगितलं नाही, तेवढं त्यांचं ऋण मी मानते. ते खाली बसले आणि म्हणाले, "वामनरावांनी मला आतलं सगळं दाखवलं होतं. पण मला वाटलं, काहीतरी ठेवलं असणारच. अहो, सगळं कोण सांगतं?"

हात वर झाले, सगळेच्या सगळे. वहीत 'बिनचुलीचा भात' आणि पुढे अण्णांचं नाव लिहिलं गेलं. हेमकांतांचं नाव मंडळातून काढावं असं दोघे-तिघे म्हणाले, मी तर मनात केव्हाच काढलं होतं. तेव्हा अण्णा उभे राहिले. न बंद होणारा कोट दोन्ही हातांनी धरून, इतक्या माणसांसमोर, ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. "त्यांना काढू नका. त्यांना भात करू दे. माझ्याकडून स्टेजवर होत नाही, पोरगी उद्या लग्न होऊन जाईल. लोकांपर्यंत गेला पाहिजे ना तो. फक्त एक अट आहे. उचकी आणि ती तीन नावं गाळायची नाहीत. कधीच." आणि खाली बसताना त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. माझ्या बापाला डोळा मारता येतो हे मला त्या दिवशी कळलं. मी जिन्यात काय केलं होतं तेही त्यांना कळलेलं होतं.

हेमकांतांनी शब्द पाळला. पुढे वीस-बावीस वर्षं, अंबरनाथ असो की शहापूर, हा मरून कोटातला माणूस प्रत्येक प्रयोगात पोटातून उचकी काढून आमच्या खानदानाचा उद्धार करत राहिला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनीही तेच केलं. दत्तूमामाच्या दुकानात चष्म्याला आलेली मुलं "जादूवाले दत्तूमामा तुम्हीच का?" म्हणून विचारायची. शकूआत्या तर भाजीवालीलाही ओळख देताना तेच सांगायची. सुमनमावशी मात्र मरेपर्यंत रुसून होती, कारण तिच्या नावावर झाकण कधीच उघडलं नाही.

आता यातलं कुणी नाही. अण्णा गेले, आई गेली, हेमकांत गेले. मंडळ तर त्याआधीच बंद पडलं. शाळेचं नवं बांधकाम झालं तेव्हा वही कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. मी दोन खेपा घातल्या, शिपायाने माळ्यावरून जुने नकाशे काढून दाखवले. जावयाने मोबाइलवर दाखवलं, हल्ली कुठलीही जादू आतून कशी असते ते बघता येतं म्हणे. आमचा भात मला त्यात सापडला नाही. आनंद झाला, आणि मग वाईटही वाटलं, की शोधलं तरी अण्णा कुठेच नाहीत.

मध्यंतरी नातीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, कल्याणला एका हॉलमध्ये. पंचविशीचा एक पोरगा आला होता जादू करायला. कोटबिट नाही, काळा टी-शर्ट आणि कानाला माइक. बऱ्याच वस्तू काढल्या, फुगे केले, आणि मग पितळेचं पातेलं काढलं. माझ्या हातातला वेफर तसाच राहिला. तांदूळ, पाणी, झाकण. पोटातून उचकी. "दत्तूमामा!" तीस पोरं त्याच्याबरोबर ओरडली. "सुमनमावशी! शकूआत्या!" मी रडत होते आणि हसत होते, नात घाबरून माझ्याकडे बघत होती. मग ध्यानात आलं. तीन नावं आहेत, पण त्यांत अण्णांचं नाही. तिन्ही नावं त्या दिवशी कॉलनीतल्या हॉलमध्ये नसलेल्या माणसांची. अण्णा समोर बसले होते. समोर बसलेल्या माणसाचं नाव उचकीला कोण घेतं?

सामान आवरत होता तेव्हा मी त्याच्याजवळ गेले. "ही नावं कुणाची रे?"

"माहीत नाही हो आजी. सरांनी शिकवलेलं, त्यांना त्यांच्या सरांनी. पण घ्यावीच लागतात. मी एकदा फास्टमध्ये नावं न घेता केलेलं, तर झाकण अडकलेलं."

घाई केली असणार गाढवाने. पण मी तसं म्हटलं नाही. त्याच्या जरा जवळ सरकले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नावं तीन नाहीत. चार आहेत."

त्याने हातातली पेटी खाली ठेवली. "मला वाटलेलंच! म्हटलं, सरांनी काहीतरी ठेवलेलं आहे." मोबाइल काढला. "चौथं काय?"

"वामन फिटर."

"वा-मन फि-टर," त्याने लिहून घेतलं. "कुठे घ्यायचं?"

"सगळ्यात शेवटी. झाकण उघडताना."

"आणि त्याच्या आधी पण उचकी?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला उचकी नाही. ते नाव सरळ, मोठ्याने घ्यायचं."